सत्तावन्न की पंच्याहत्तर?

तर झालं असं की, गेल्या शनिवारी भाचीचा अभ्यास घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दुसरीतली पोरगी. म्हटलं, "लिही, सत्तावन्न." बाईसाहेबांनी झोकात लिहिलं ७५! ताई आतून ओरडली, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" आणि मला एकदम माझी दुसरी आठवली.

आमची शाळा उल्हासनगर कॅम्प १ मधली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित राहिले. १९४९ साली उल्हासनगर असं नाव मिळालं, पण पत्त्यातला 'कॅम्प' काही गेला नाही. शाळा मराठी माध्यमाची, पण वर्गात सगळी खिचडी. मधल्या सुट्टीत तर सगळ्यांची भाषा हिंदीच.

माझ्या बाकावरचा दोस्त तेलुगू घरातला. वडील बांधकामावर. बाई रोज अंक सांगायच्या आणि पाटीवर लिहायला लावायच्या. ज्याचं चुकेल त्याचं नाक धरून गालावर मारायचं काम ज्याचं बरोबर येईल त्याचं, म्हणजे बहुतेक वेळा माझं. मी ते अगदी मन लावून करायचो, खोटं कशाला बोलू. त्याचा सत्तावन्न कायम ७५ व्हायचा. एकदा घरी जाताना गाल चोळत त्याने विचारलं, "पर पहले सात बोला ना?" मी फिदीफिदी हसलो. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. कोणी विचारलंही नाही. मीसुद्धा नाही.

मग २०१९ चा जून. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि महाराष्ट्र पेटला. व्हॉट्सॲपवर जोकच जोक. मीही धडाधड फॉरवर्ड केले. जेवताना शेजारच्या टीममधल्या हैदराबादी मित्राला एक जोक समजावून सांगितला, तर तो थंडपणे म्हणाला, "इसमें हंसने का क्या है? हमारे में ऐसाच बोलते. याभै एडु. पचास सात."

माझा घास हातातच राहिला.

म्हणजे त्या पोराच्या घरी आधी पन्नास, मग सात. जसं लिहितात तसंच बोलतात. आपण मात्र बोलतो उजवीकडून आणि लिहितो डावीकडून. लिटल एंडियन, बिग एंडियनच्या घोळात आख्खी रात्र घालवलेल्या माणसाला हे कळायला इतकी वर्षं लागावीत? जर्मनही आपल्यासारखंच उलटं बोलतात, त्यामुळे दोष मराठीचा नाही. पण सात वर्षांच्या पोराला हा उलटा उंबरठा ओलांडावा लागतो, हे कोणीतरी सांगायला नको? गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा हेच सांगत होत्या: जोडाक्षरं आणि हा उलटा क्रम मुलांना अडतो, जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही पद्धती ठेवल्यात. तेवढं वाचायचा धीर आम्हा फॉरवर्डवाल्यांना कुठला!

मला स्वतःला अजूनही त्रेपन्न, एकोणसत्तर हे शब्द आवडतात. ते जाऊ नयेत. पण ते शिकताना पोराचा गाल लाल व्हायलाच हवा असं नाही.

असो. तर शनिवारी मी भाचीला विचारलं, "७५ का लिहिलंस गं?"

"मामा, तू आधी सात म्हणालास ना!"

अगदी तेच वाक्य. फक्त मराठीत.

मग आम्ही काड्यापेटीतल्या काड्या काढल्या, दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधले. पाच गठ्ठे डावीकडे, सात सुट्या उजवीकडे. "पन्नास आणि सात. त्यालाच आपण सत्तावन्न म्हणतो, सात आधी." तिने मान डोलावली आणि ५७ लिहिलं. दहा मिनिटं लागली असतील फार तर.

काड्या तेव्हाही मिळायच्याच की.