सर्वांत मागचा

ऑस्ट्रेलियाचा शॉर्ट ट्रॅक स्केटर स्टीव्हन ब्रॅडबरी. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील १००० मीटरच्या अंतिम शर्यतीत अखेरच्या वळणावर पुढचे चौघे एकमेकांवर आदळून कोसळले आणि सर्वांत मागचा हा गडी सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. जग म्हणाले, नशीब! यजमानांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची शुश्रूषा करताना मला मात्र त्याची आधीची वर्षे जवळची वाटू लागली.

१९९४ मध्ये माँट्रियलला दुसऱ्या स्पर्धकाच्या स्केटच्या पात्याने त्याची मांडी चिरली. सुमारे चार लिटर रक्त गेले, १११ टाके पडले. सावरायला दीड वर्ष लागले. २००० मध्ये सरावात मानेचे दोन मणके मोडले. कवटीला स्क्रूने कडे बसवून त्याची मान स्थिर ठेवावी लागली. (वॉकरला कंटाळलेल्यांना मी हे आवर्जून ऐकवते.)

अठ्ठाविसाव्या वर्षी तो त्या शर्यतीत उतरला, तेव्हा आपला वेग इतरांइतका नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून मागे राहून धडकांपासून दूर राहायचे, ही त्याची ठरवलेली चाल होती. दीड मिनिटाच्या शर्यतीसाठी नव्हे, दशकभराच्या कष्टांसाठी आपण ते पदक स्वीकारले, असे तो पुढे सांगत असे.

आमच्याकडे पलंगापासून देवघरापर्यंत बावीस पावले आहेत. “अमुक तर महिन्यात काठीविना चालू लागले,” असे भेटायला येणारे कोणीतरी म्हणतेच. हे हसून “ब्रॅडबरी” एवढेच म्हणतात आणि वॉकर पुढे सरकवतात.