सोळा खड्ड्यांचा धंदा



जर्सीकरांना ठाऊक असेल, पिस्कॅटवेहून 287 धरून वर गेलं आणि 78 ला पश्चिमेकडे वळलं की क्लिंटनच्या पुढे माणसं कमी आणि कोठारं जास्त दिसायला लागतात. त्यातली लाल, लाकडी, कॅलेंडरवर छापतात ती सोडा. मी म्हणतोय ती रंगीत पत्र्याची, सरळसोट, एका बाजूला दोन मोठी दारं असलेली. लोक त्यांना पोल बार्न म्हणतात, धंद्यातले लोक पोस्ट-फ्रेम. गेले आठ महिने मी या विषयात गळ्यापर्यंत बुडालोय, कारण त्यात मी चाळीस हजार डॉलर घालावेत असा प्रस्ताव आला. चाळीस हजार म्हणजे आमच्या घराच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले जवळजवळ सगळे. म्हणून हे लांबण; ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल डिलीट करावं.

प्रस्ताव माझ्या मित्राचा. रटगर्सला आम्ही बरोबर एमएस केलं, बुश कॅम्पसच्या बसमध्ये एकाच डब्यातला पोळीभाजीचा रोल खाल्लाय. 2023 पासून त्याला दोनदा ले-ऑफ मिळाला आणि दुसऱ्या वेळी तो म्हणाला, बास, आता कोणाच्या स्प्रेडशीटमधली ओळ म्हणून जगायचं नाही. पेनसिल्व्हेनियात लिहाय व्हॅलीच्या अलीकडे एक म्हातारे गृहस्थ आहेत, पोस्ट-फ्रेम बांधणारे. तीन टोळ्या, दोन ट्रक, एक खड्डे पाडायचं मशीन आणि तीस वर्षांची गिऱ्हाइकं. मुलांना धंद्यात रस नाही, म्हणून विकायचाय. मित्राला चार भागीदार हवे होते आणि मी सिव्हिलवाला, त्यामुळे यादीत पहिला.

सिव्हिलवाला म्हणजे कागदोपत्री! सांगलीला वालचंदमधून 2010 ला पास झालो आणि त्यानंतर ओळंबा हातात धरला नाही. आधी टेस्टिंग, मग जावा, आता क्लाउड. तुमच्यातल्या निम्म्यांची हीच कथा असणार.

पण शिकलेलं कुठेतरी शिल्लक असतंच. 30 बाय 40 फुटांची साधी शेड घ्या. नेहमीच्या अमेरिकन पद्धतीने बांधायची तर चारी बाजूंनी मिळून 140 फूट चर, त्यात काँक्रीट, त्यावर दर 16 इंचांवर उभी लाकडं. पोस्ट-फ्रेममध्ये दर आठ फुटांवर एक जाड खांब, म्हणजे लांबीच्या दोन बाजूंना सहा-सहा, रुंदीच्या बाजूंना मध्ये दोन-दोन. सोळा खड्डे, संपलं. जमीन गोठते त्या खोलीच्या खाली, साधारण चार फूट, खांब उतरवायचे. वर कैच्या, आडव्या पट्ट्या, त्यावर पत्रा. माणसं चांगली असली तर चार-पाच दिवसांत सांगाडा उभा. अखंड पाया नाहीच.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पत्रा. आपल्याला वाटतं तो नुसता पाऊस अडवतो. इथे तो वाऱ्याशी भांडतो. स्क्रूने घट्ट बसवलेला छताचा पत्रा एक सलग पडदा होतो आणि बाजूच्या भिंतीवर आलेला वाऱ्याचा धक्का दोन टोकांच्या भिंतींकडे नेऊन सोडतो. याचं रीतसर गणित आहे, मानकही आहे. आणि हलक्या इमारतीला वजनाने खचण्यापेक्षा वाऱ्याने उचलली जाण्याची भीती जास्त, म्हणून खांबाच्या तळाशी काँक्रीटची कॉलर घालतात. बारा वर्षांनी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि रात्रीचा एक कधी वाजला कळलं नाही. बायको म्हणाली, ऑफिसच्या कामात असा कधी दिसला नाहीस.

इतिहासही बघितला. आजच्या पद्धतीचं श्रेय 1930 च्या दशकातल्या सेंट लुइसच्या हॉवर्ड डोन या शेतीतज्ज्ञाला आणि त्याच्या शेताचा कारभार बघणाऱ्या बर्नन पर्किन्सला देतात. मंदीचे दिवस, मोठं कोठार परवडत नाही. मातीत पुरलेलं साधं लाकूड कुजतं. यांनी क्रिओसोट पाजलेले खांब घेतले, तसेच जे वीज आणि तारखात्यासाठी वापरात होते, आणि ते लांब-लांब अंतरावर रोवले. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतकऱ्यांनी ही पद्धत उचलून धरली. मॉर्टन बिल्डिंग्ज ही आजची मोठी कंपनी 1903 ला इलिनॉयमध्ये कुंपणाची कंपनी म्हणून सुरू झाली होती. आज तिचे मालक तिचे कामगारच आहेत, ही गोष्ट मित्राने मला पाच वेळा तरी ऐकवली.

(श्रेय द्यायचंच तर आपल्या इनामगावकरांनाही द्या. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 मध्ये उत्खनन केलं तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी घरं सापडली. लाकूड केव्हाच गेलेलं, उरले होते खांबांचे खड्डे, आणि त्यांवरून घराचा आकार कळला. आणि आपण अजूनही कशाचीही सुरुवात झाली की मुहूर्तमेढ रोवली म्हणतो, पायाचा दगड नंतर आला असणार. ह. घ्या.)

असो. धंद्याचं काय? पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. आता ट्रॅक्टरपेक्षा आरव्ही, बोट, कार दुरुस्तीचं गॅरेज, घोडे, छोटे कारखाने, चर्चची सभागृहं आणि घरं. या घरांना बार्नडोमिनियम म्हणतात. शब्द 1989 चा, कनेक्टिकटमधल्या एका बिल्डरचा, पण घरोघरी पोचला तो 2016 मध्ये टीव्हीवरच्या 'फिक्सर अपर'मुळे. मग 2020 ला सगळे घरात बसले आणि प्रत्येकाला मागे एक शेड हवीशी झाली. त्याच वेळी लाकूड पेटलं. मे 2021 मध्ये हजार बोर्डफुटांचा वायदा 1,600 डॉलरच्या वर गेला आणि त्याच उन्हाळ्यात धाडकन खाली आला. म्हातारेबुवा सांगतात, त्या दिवसांत कोटेशन सोमवारी दिलं तर शुक्रवारी फाडावं लागायचं. 2022 पासून व्याजदर चढले, घरं बांधणारे थांबले. 2025 मध्ये पोलादावर आधी 25 आणि जूनमध्ये 50 टक्के टॅरिफ बसलं. पत्रा पोलादाचाच.

खांबांतही बदल झालेत. आर्सेनिकवालं लाकूड 2003 अखेर बहुतेक घरगुती वापरातून गेलं, शेतीच्या खांबांना अजून चालतं. आता तीन-चार फळ्या जोडून केलेले खांब असतात, जमिनीत फक्त खालचा भाग मुरवलेला. काही जण तर खालचा भाग सिमेंटचाच वापरतात, कारण कुजतं ते जमिनीच्या पातळीला, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात.

आमचे आप्पा मे महिन्यात आले होते. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. त्यांना घेऊन आम्ही लँकेस्टरला गेलो, वाटेत एका चालू कामावर थांबलो. आप्पा दोनदा फेरी मारून आले, खांबाला टिचकी मारली आणि विचारलं, "याला जोतं कुठाय?" मी सगळं समजावलं, पत्र्याचं गणितसुद्धा. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "इमारत बरी आहे रे. पण धंदा पावसाळ्यात काय करतो ते विचार."

इथे पावसाळा म्हणजे जानेवारी. जमीन गोठली की मशीन खड्डा पाडेना, आणि टोळीचा पगार थांबत नाही. मी हिशेबाच्या वह्या मागितल्या तेव्हा नेमकं तेच दिसलं. वर्षाचा नफा बरा, पण डिसेंबर ते मार्च सगळं मालकाच्या खिशातून. शिवाय स्पर्धा आमिश लोकांशी. ते उत्तम सुतार आहेतच, पण 1965 च्या कायद्याने स्वतःचा धंदा करणाऱ्या आमिश माणसाला सोशल सिक्युरिटीचा कर माफ आहे. आपल्याला स्वतःच्या धंद्यात सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून 15.3 टक्के भरावे लागतात. त्यांच्या भावात आपण बसूच शकत नाही. मित्राचं उत्तर होतं की ते वेबसाइट चालवत नाहीत, आम्ही चालवू. गिऱ्हाइकाने स्क्रीनवर शेड ओढून मोठी केली की दहा मिनिटांत लाकडाची आणि स्क्रूची यादी निघते, असं सॉफ्टवेअर आता मिळतं. खरं आहे. पण ते सॉफ्टवेअर शेजारचाही घेईल.

आणि माझी गोष्ट व्हिसाची. एच-वनवर शेअर घ्यायला बंदी नाही, काम करायला आहे. म्हणजे पैसे माझे, पण साइटवर जाऊन खड्डा मोजून दिला तर तो नियमभंग. जानेवारी 2025 पासूनच्या नियमाने आपल्याच कंपनीतर्फे एच-वन काढता येतो, पण पहिली दोन मंजुरीपत्रं अठरा-अठरा महिन्यांचीच. मुलगी सहावीत. ग्रीन कार्डच्या रांगेत मी कुठे आहे ते विचारू नका, रांगच दिसते, काउंटर दिसत नाही.

बायकोशी तीन रविवार बोललो. तिचं म्हणणं साधं होतं: तुला धंदा आवडलाय की गणित आवडलंय ते आधी ठरव. मी पंधरा हजार घातले, चाळीस नाही, आणि लिहून घेतलं की निम्मी रक्कम हिवाळ्याचा पगारफंड म्हणून वेगळी राहील, तिला ट्रक किंवा मशीनसाठी हात लावायचा नाही. मित्र थोडा नाराज झाला. दोन दिवस फोन नाही. मग त्यानेच बाकीच्या तिघांकडूनही तीच अट लिहून घेतली.

म्हातारेबुवा एक वर्ष सल्लागार म्हणून राहणार आहेत. मित्र पहाटे साडेचारला उठून 78 धरतो, तळव्याला फोड आलेत आणि वजन अकरा पौंड उतरलंय. मला रात्री फोटो पाठवतो, मी फक्त बघतो. काम समजलं जाईल म्हणून उत्तरही जपून देतो. आप्पांनी मात्र गावाकडे कांदा चाळीसाठी खांबांचं डिझाइन मागितलंय, तिथे वाळवी आहे आणि वारा नाही, तेव्हा मुरवलेलं लाकूड की अँगल, यावर कोणाचा अनुभव असेल तर जरूर कळवा.