रिमिनीच्या हॉटेलात चार रात्री

आमच्या माजघरात एक पत्र्याची पेटी आहे. ती थोरल्या बाईंची. थोरल्या बाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. त्यांचे मालक मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढायला गेले आणि एप्रिल १९४५ मध्ये तिकडेच पडले. तार आली तेव्हा बाईंचं वय सतरा-अठराचं. मूलबाळ नाही. पुढची पन्नासाहून जास्त वर्षं त्यांनी आमच्याच घरात काढली, माझ्या मालकांना कडेवर घेऊन वाढवलं, आणि १९९८ साली त्या गेल्या.

माणूस गेल्याचं दुःख त्यांनी कधीच गिळून टाकलं होतं. पण एक घोर मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. दर सर्वपित्रीला नैवेद्याचं पान वाढताना त्या मला म्हणायच्या, "परक्या मुलखात त्यांना अग्नी दिला का गं कुणी? का तसंच कुठं मातीत लोटलं?" तारेत ते लिहिलेलं नव्हतं. मी काय सांगणार? "दिला असेल की, बाई," एवढंच म्हणायची.

माझा मुलगा जर्मनीत म्यूनिकला नोकरीला आहे. युद्धात पडलेल्या शिपायांच्या समाध्या सांभाळणारं एक खातं आहे, त्यांची यादी आता संगणकावर बघता येते. त्यात त्यानं चुलत आजोबांचं नाव शोधलं आणि मला फोन केला, "आई, आजोबांचं नाव सापडलं. इटलीत फोर्ली म्हणून गाव आहे, तिथं. तू ये, आपण जाऊ." घरी दोन म्हशी, कांद्याचं रोप टाकलेलं, त्यामुळं मालकांना निघता येईना. ते म्हणाले, "तू जा. बाईंच्या वतीनं जा." अशी मी सप्टेंबर २०२३ च्या शेवटी, ऐन पितृपंधरवड्यात, इटलीला गेले.

शेतातली मूठभर माती बरोबर घ्यायचा माझा विचार होता. मुलानं सांगितलं, परदेशातली माती तिकडे नेऊ देत नाहीत, रोगराईच्या भीतीनं. मग पेटीतला बाईंचा कुंकवाचा करंडा तेवढा घेतला.

फोर्लीच्या अलीकडे, साधारण पन्नास किलोमीटरवर, समुद्राच्या काठी रिमिनी नावाचं शहर आहे. तिथं मुलानं चार रात्रींसाठी हॉटेल ठरवलं होतं. हॉटेल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं मुंबईच्या समुद्राकाठची मोठाली हॉटेलं आलेली. प्रत्यक्षात निघाली एका गल्लीतली तीन मजली इमारत. पिवळा रंग उन्हानं विटलेला, दाराशी गुलाबाच्या कुंड्या, पाटीवर दोन चांदण्या. तिकडे हॉटेलाला चांदण्या देतात, जितक्या जास्त तितकं भारी. आमचं दोन चांदण्यांचं. खोली एवढीशी, दोन खाटा टाकल्यावर चालायला वीतभर जागा. मी मुलाला म्हटलं, "अरे, एवढ्या लांब आणलंस आणि ही खोली?" तो हसला. "आई, इथं माणसं खोलीत बसायला येत नाहीत, समुद्रावर येतात."

खरंच होतं ते. रिमिनीत आगगाडीचा रूळ शहर दोन भागांत कापतो. एका बाजूला जुनं गाव, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि हॉटेलांच्या रांगा. हजाराच्या वर हॉटेलं आहेत म्हणे, आणि बहुतेक आमच्यासारखी, घरच्या माणसांनी चालवलेली. समुद्रस्नानाला येणाऱ्या लोकांसाठी इथं पहिली सोय झाली ती १८४३ साली. वाळूवर छत्र्या कशा, तर आपण ओळीनं रोप लावावं तशा. पण आम्ही गेलो तेव्हा हंगाम सरत आला होता, निम्म्या छत्र्या मिटलेल्या. म्हणूनच भाडं आम्हाला परवडलं. त्यावर माणशी दर रात्रीचा शहराचा कर वेगळा.

हॉटेल चालवणारी लेक पन्नाशी-साठीची. तिचा नवरा मुदपाकखान्यात, तिची मुलगी गल्ल्यावर. आणि एक म्हातारी, लेकीची आई, दाराजवळ खुर्ची टाकून बसलेली. काळा झगा, पांढरे केस मागं बांधलेले. तिनं माझ्या लुगड्याकडे पाहिलं, गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं आणि मान हलवली. मीही हात जोडले.

पहिल्याच रात्री मी घोळ घातला. न्हाणीघरात एक दोरी लोंबत होती. मला वाटलं, ओलं वाळत घालायला असेल. धुतलेलं लुगडं तिच्यावर टाकलं आणि ओढून बसवलं, तोच खाली घंटा ठणाणा वाजायला लागली. न्हाणीघरात कुणी पडलं-झडलं तर मदतीला बोलावण्याची ती दोरी. लेक, जावई, नात, सगळी धावत वर. मी दारात ओलं लुगडं हातात घेऊन उभी! नात हसून हसून खाली बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर वाळत घालायची तारेची जाळी लावलेली दिसली.

पण जेवणाचं मात्र अवघड झालं. मी माळकरी. रात्रीचं जेवण भाड्यातच होतं, पण तिकडे कशात काय घालतील सांगता येत नाही, म्हणून मी खोलीतच चिवडा आणि दशम्या खाल्ल्या. मुलगा एकटाच खाली गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण खालच्या म्हातारीनं ते मनाला लावून घेतलं. घरात आलेला पाहुणा न जेवता निजतो म्हणजे काय?

दुपारी दारावर टकटक झाली. म्हातारी नातीचा हात धरून जिना चढून आलेली. काखेत पिठाची पिशवी, हातात तेलाची बाटली. नातीला इंग्रजी येत होतं. ती माझ्या मुलाला सांगे, तो मला. म्हातारी म्हणाली, "आमची इथली रोटी गव्हाच्या पिठाची. तिला पियादिना म्हणतात. सगळे त्यात डुकराची चरबी घालतात, आम्हीही घालतो. तुझ्यासाठी मी या तेलात मळते. तवा वेगळा काढते. खाली ये आणि समोर बसून बघ." पीठ तिनं माझ्या तळहातावर ओतलं. मी ते बोटांनी चोळलं, बाटलीचा वास घेतला. ऑलिव्हचं तेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वयात ती बाई माझ्यासाठी दोन जिने चढली होती आणि मी तिच्या घरात चोरासारखी चिवडा खात होते.

मुदपाकखान्यात जाऊन बसले. पीठ, मीठ, पाणी, तेल. तिनं लाटलं, तव्यावर टाकलं, काट्यानं टोचलं, पालटलं. फुगवटे काळपट भाजले तसा आपल्या चुलीचाच वास सुटला. आत मऊ पांढरं चीज घातलं आणि घडी करून माझ्या हातात दिली. आपल्या पोळीपेक्षा जाड, भाकरीपेक्षा मऊ. मी दोन खाल्ल्या. मग मी उठले आणि हातानं थापून दाखवलं, आमच्याकडे बाजरीची अशी करतात. पीठ गव्हाचं, त्यामुळं भाकरी काही नीट झाली नाही, पण म्हातारीला थापणं फार आवडलं. टाळी वाजवली तिनं.

मग ती बोलायला लागली. तिचं माहेर शेतकऱ्याचं, रिमिनीच्या मागच्या टेकड्यांतलं. पण जमीन त्यांची नव्हती. तिकडे पूर्वी वाट्याची शेती चालायची. जमीन मालकाची, राबणार कुटुंब, पीक निम्मं-निम्मं. कोंबड्या-अंड्यांचाही हिशेब मालकाला द्यायचा. घरात लग्न काढायचं तर मालकाच्या कानावर घालायचं. १९६४ साली तिथल्या सरकारनं असे नवे करार कायद्यानं बंद केले. पण त्याआधीच पोरं शेत सोडून समुद्राकडे पळत होती. युद्धानंतर लोक सुटीला समुद्रावर यायला लागले, त्यांना निजायला खाट आणि खायला घरचं लागायचं. हिनं आणि हिच्या नवऱ्यानं कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. उन्हाळ्यात स्वतः अंगणात निजायचे आणि आपली खोली पाहुण्यांना द्यायचे. एकेक मजला चढत गेला. "खोली लहान आहे," ती म्हणाली, "पण तिचा निम्मा वाटा कुणाला द्यावा लागत नाही."

पहिल्या दिवशी त्या खोलीला मी नाव ठेवलं होतं. ते आठवून मी खाली बघितलं.

मग तिनं विचारलं, तुम्ही इथं कशाला आलात? समुद्राला तर तुम्ही पाय लावला नाही. मुलानं सांगितलं. म्हातारी गप्प झाली. मग म्हणाली, १९४४ साली ती सहा वर्षांची होती. तेव्हा आघाडी इथून गेली. रिमिनीवर इतके बॉम्ब पडले की गावातल्या बहुतेक इमारती पडल्या. त्या वर्षी २१ सप्टेंबरला गाव मोकळं झालं. रोमन लोकांचा दोन हजार वर्षांचा दगडी पूल मात्र वाचला. त्या पावसाळ्यात हिंदुस्थानी शिपाई त्यांच्या खळ्यात उतरले होते. ती पोरं भीतीनं गोठ्यात लपली. पण शिपायांनी पत्र्यावर रोट्या भाजल्या आणि एक गरम रोटी तिच्या हातात दिली. "माझी आई म्हणाली, यांची रोटी आपल्यासारखीच आहे, म्हणजे ही माणसंच आहेत."

ते कोणत्या पलटणीचे होते, तिला काय ठाऊक! ते आमचे आजोबा होते असं मी म्हणत नाही. पण त्या घरचं मीठ मी खाल्लं, आणि आपल्याकडच्या कुणाच्या तरी हातची रोटी तिनं खाल्ली, एवढं खरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फोर्लीला निघालो. म्हातारीनं फडक्यात बांधून चार पियादिना दिल्या, कुंड्यांतले गुलाब कापून दिले. गाडीतून शेतं दिसत होती, द्राक्षाच्या ओळी, पीचच्या बागा. त्याच वर्षी मे महिन्यात या भागात मोठा पूर आला होता. बांधावर वाळलेला गाळ मुलानं मला दाखवला. गाळ बघितला की शेतकऱ्याच्या पोटात कालवतं, देश कोणताही असो.

फोर्लीची ती जागा फार स्वच्छ. कापलेलं गवत, पांढऱ्या दगडांच्या ओळी. जवळजवळ पाचशे कबरी आहेत. मधे एक स्मारक. मुलानं माहिती वाचली आणि मला सांगितलं. ज्यांचा धर्म दहनाचा, त्यांना त्यांच्या रिवाजाप्रमाणं अग्नी दिला, आणि अशा जवळजवळ आठशे जणांची नावं या स्मारकावर कोरली आहेत.

मी म्हटलं, "परत वाच."

त्यानं परत वाचलं. अग्नी दिला.

नाव सापडायला थोडा वेळ लागला. इंग्रजी अक्षरं, मला वाचता येत नाहीत, पण मुलानं माझं बोट धरून दगडावरून फिरवलं. आडनाव आमचं. मी करंडा उघडला, दगडाच्या पायाशी चिमूटभर कुंकू ठेवलं, गुलाब ठेवले, पियादिनाचा एक घास मोडून ठेवला. पंधरवडाच होता. "बाई," मी म्हटलं, "दिला हो अग्नी. आपल्या पद्धतीनं दिला." मोठ्यानंच म्हटलं. ऐकायला तिथं आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

याच मुलखात सेनिओ नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून सुखरूप बाहेर काढलं, शत्रूची मशिनगनची तीन ठाणी उडवली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यांचं नाव पुस्तकात आहे. आमच्या आजोबांचं नुसतं दगडावर आहे. पण थोरल्या बाईंना पराक्रमाची गोष्ट नकोच होती. त्यांना एवढंच हवं होतं, की कुणीतरी माणसासारखं वागवलं का?

शेवटच्या रात्री मी खाली सगळ्यांबरोबर टेबलाशी बसून जेवले. माझा तवा वेगळा, माझी ताटली वेगळी, पण टेबल एकच. सकाळी हिशेब झाला तेव्हा पियादिनाचे पैसे त्यांनी लावलेच नव्हते. मी मुलाला द्यायला सांगितलं, तर म्हातारीनं हात झटकला. नात म्हणाली, "आजी म्हणते, एक रोटी देणं होतं, ते फिटलं."

मी तिला वाकून नमस्कार केला. ती गोंधळली, मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या करंड्यात कुंकू उरलं होतं, त्यातलं बोट तिच्या कपाळाला लावावं असं वाटलं, पण ती विधवा, आणि त्यांच्यात चालतं की नाही कुणास ठाऊक, म्हणून हात मागं घेतला. आता वाटतं, लावायला हवं होतं. थोरल्या बाईंनाही आम्ही कधी लावलं नाही.

घरी आल्यावर करंडा परत पेटीत ठेवला. त्या वर्षी सर्वपित्रीला थोरल्या बाईंचं पान वाढलं, आजोबांचं वाढलं, आणि बाजूला गव्हाची एक जाड रोटी ठेवली, तेलात मळलेली. मालकांनी विचारलं, "ही कुणाची?" मी म्हटलं, "त्या मुलखात अग्नी देणाऱ्यांची."