पेलेटची शेगडी

आल्प्सच्या पायथ्याशी, इटलीतील त्रेन्तो प्रांताच्या नोन खोऱ्यात, धर्मगुरू म्हणून राहण्याचा योग आम्हांस आला आहे. सफरचंदांच्या बागांचा हा मुलूख हिवाळ्यात शून्याखाली गोठतो, आणि येथील अनेक घरांत आता ओंडक्यांऐवजी पेलेटची शेगडी आढळते. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या. दाब व उष्णता यांनी लाकडातील लिग्निन मऊ होते आणि तेच भुशाला धरून ठेवते. पंधरा किलोंची पिशवी टाकीत ओतावी व बटण दाबावे. मळसूत्री दांडा कांड्या पुढे ढकलतो, विजेवर तापणारी सळई त्या पेटवते, पंखा धूर बाहेर ओढतो. जेरी व्हिटफिल्ड या विमान-अभियंत्याने 1980च्या दशकात अमेरिकेत ही शेगडी पुढे आणली. इटलीत ती फारच रुजली.

वसईला आमची आजी सुरूची लाकडे जाळी. पहाटे चुलीतील राख उपसल्यावाचून ती विस्तव करीत नसे. येथील विक्रेते मात्र बटणाचेच कौतुक सांगतात, राखेचे नाव काढीत नाहीत.

राख तशी थोडी. उत्तम प्रतीच्या, म्हणजे 'ए-1' पेलेटमध्ये ती 0.7 टक्क्यांहून अधिक असू नये असा युरोपीय दंडक आहे; म्हणजे पिशवीमागे सुमारे शंभर ग्रॅम. परंतु ज्या लोखंडी भांड्यात कांड्या जळतात ते ओंजळीएवढे, आणि त्याच्या बुडाच्या छिद्रांतूनच हवा येते. राख साचली, तिचे विटभट्टीतल्या खंगरासारखे ढेकूळ झाले, की छिद्रे बुजतात. ज्योत लांब, आळशी, तांबूस होते आणि काच काळवंडते.

ऐंशी ओलांडलेल्या एका विधवा बाईंच्या घरी आम्ही जानेवारीत हेच पाहिले. लाकडे फोडण्याचे कष्ट नकोत म्हणून शहरातील मुलांनी ही शेगडी घेऊन दिलेली. "दोन," बाई म्हणाल्या (इकडे धर्मगुरूस 'दोन' म्हणतात), "दुकानदाराने वाईट माल दिला हो." 2022 साली पेलेटचे भाव दुपटीहून वर गेले होते, तेव्हापासून त्यांचा दुकानदारावर राग. शेगडी दिवसातून दोनतीनदा आपोआप बंद पडे, आणि बाई पुन्हा बटण दाबीत. ते बंद पडणे हा इशारा होता. धुराची वाट तुंबली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरू शकतो. त्यास ना रंग, ना वास. एकट्या राहणाऱ्या माणसाला तो झोपेतच नेतो.

माल चांगलाच होता. बाईंचे गुडघे वाकत नव्हते, आणि ते भांडे जमिनीपासून वीतभर उंचीवर!

शेगडी पूर्ण थंड होऊ दिली. भांडे काढून खरवडले, तारेने एकेक छिद्र मोकळे केले. ओल्या कागदाला थोडी राख लावून काच पुसली, की काजळी सुटते. ही युक्ती बाईंचीच. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून बाहेर दगडावर ठेवली, कारण राखेखाली निखारा दिवसभर, कधी त्याहूनही अधिक, जिवंत राहतो. घरातल्या झाडलोटीच्या व्हॅक्यूम यंत्राने ती ओढणे म्हणजे आग ओढवून घेणे. भांड्याचे काम रोजचे, खालच्या खणाचे आठवड्याचे. धुराडे, पंखा आणि दाराच्या कडेची उष्णतारोधक दोरी तपासणे हे वर्षातून एकदा, थंडीपूर्वी, जाणकाराचे काम. शेवटची तपासणी कधी झाली, ते बाईंना आठवेना. आम्ही त्याच आठवड्यात तंत्रज्ञ आणविला. धुराच्या नळाच्या वळणावरील झाकण उघडताच ओंजळभर काजळी खाली आली. विषारी वायूची सूचना देणारे छोटे यंत्रही त्याने भिंतीवर लावले.

मुलांना आम्ही दूरध्वनी केला. त्यांची माया खोटी नव्हे. परंतु रोज सकाळी गुडघे टेकणारे कोणी तरी हवे, हे शेगडी घेताना कोणाच्याच ध्यानी आले नव्हते. आता बागेत काम करणारा शेजारचा तरुण कामावर जाताना येऊन जातो. बाई खुर्चीवर बसून त्याच्यावर देखरेख करतात. "कोपऱ्यातले छिद्र राहिले," म्हणून त्याला दोनदा परत बसवतात, असे तो हसत सांगत होता.