फुगीर बाजू

ज्या रविवारी सकाळी अण्णा दिंडीबरोबर पंढरपूरला निघाले, त्याच संध्याकाळी सरांची मारुती ८०० आमच्या गॅरेजसमोर येऊन थांबली.

अण्णा म्हणजे माझे वडील. तासगावात आमचं छोटं गॅरेज आहे. दर आषाढात अण्णा वारीला गेले की गॅरेजला कुलूप असतं. यंदा पहिल्यांदाच ते लावलं नाही. डिप्लोमा करून, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून मी परत आलो होतो. "मी बघतो की," म्हणालो. निघताना अण्णा एवढंच बोलले, "गिअरबॉक्स उतरवायचं काम आलं, तर मी येईपर्यंत ठिवून दे."

सर मला सातवीत गणित शिकवायचे. ही गाडी कंपनीनं बनवणं २०१४ सालीच थांबवलं, पण सरांची अजून चालती आहे. ते ती मुख्यतः एकाच कामाला बाहेर काढतात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी काकूंना मिरजेला डायलिसिसला न्यायचं असतं. आता चढावर इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी ओढत नव्हती. क्लच प्लेट संपली होती.

"अण्णा नाहीत तर राहू दे," सर म्हणाले.

"उद्या संध्याकाळी घेऊन जा," मी म्हणालो.

सोमवारी गिअरबॉक्स उतरवला, नवी प्लेट बसवली, सगळं परत जोडलं. इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबला आणि पहिला गिअर टाकायला गेलो. जाईना. रिव्हर्स टाकला, तर खर्रर्र असा आवाज आला की काम शिकणारा पोरगा हातातला पाना टाकून बाहेर आला. इंजिन बंद केलं, की सगळे गिअर लोण्यासारखे पडायचे. चालू केलं, की एकही नाही. म्हणजे गिअरबॉक्स ठीक होता. पेडल दाबूनही क्लच सुटत नव्हता.

ज्यांनी गाडी फक्त चालवली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाबरोबर फिरणारं एक जड चाक असतं, फ्लायव्हील. त्याच्यावर क्लच प्लेट आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. आपण पेडल दाबतो तेव्हा या गाडीत केबल ओढली जाते, फोर्क हलतो, बेअरिंग पुढे सरकतं आणि प्रेशर प्लेटची पकड सैल होते. ती किती सैल होते? एखाद-दोन मिलिमीटर. तेवढ्या फटीत प्लेट मोकळी झाली, तरच इंजिन आणि चाकं वेगळी होतात. तेवढी फट मिळाली नाही, तर पेडलवर उभे राहिलात तरी उपयोग नाही.

सर सात वाजता आले. मी म्हणालो, "प्लेट डुप्लिकेट निघाली सर. दुकानदारानं फसवलं." हे मी तपासलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

मंगळवारी सकाळी पावसात काकू रिक्षाने गेल्या. गॅरेजवरूनच रस्ता जातो. पुढच्या मडगार्डावर पाय टेकून मी केबल बदलत होतो. रिक्षाच्या ताडपत्रीतून काकूंनी हात केला. मी मान खाली घातली.

केबल नवी टाकली. फरक नाही. नट आवळत आवळत पेडलचा फ्री प्ले पूर्ण संपवला. तो असा संपवायचा नसतो, बेअरिंग सतत टेकून राहतं आणि लवकर जातं, हे मला माहीत होतं. तरी आवळलं. पुढचं एक चाक जॅकवर उचललं, इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकला, पोराला क्लच दाबून धरायला सांगितलं आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. क्लच सुटत असता, तर ते मोकळं फिरलं असतं. ते जागचं हललं नाही. फोर्क मात्र पूर्ण हलत होता. केबल आपलं काम करत होती. म्हणजे दोष आत होता.

बुधवारी मी दुकानात जाऊन भांडलो. दुकानदार वयानं मोठा, अण्णांच्या ओळखीचा. त्यानं शांतपणे दुसरी प्लेट काउंटरवर ठेवली. "घेऊन जा. पण आधी उघडून बघ," म्हणाला. ती मी तिथंच टाकून आलो. खरं तर मला उघडायचंच नव्हतं. पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे माझंच काम मोडायचं. जे बाहेरून तपासता येत होतं, ते सगळं मी दोन-दोनदा तपासलं. ज्याला फक्त माझा हात लागला होता, ते नाही.

गुरुवारी दुपारी सरांचा फोन आला. "उद्याचं काय करू? रिक्षात तिला फार त्रास झाला." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग मी अण्णांना फोन लावला. दिंडी सांगोल्याच्या अलीकडे होती, मागे टाळ वाजत होते. मी केबलपासून सांगायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"प्लेटची फुगीर बाजू कुणीकडं हाय?"

क्लच प्लेटच्या मधोमध स्प्रिंगा असतात. एका बाजूला तो भाग फुगीर असतो. ती बाजू गिअरबॉक्सकडे हवी, सपाट बाजू फ्लायव्हीलकडे.

"बरोबरच बसवली असणार," मी म्हणालो.

"असणार न्हवं. आठवतंय का?"

मी आठवायला लागलो. गिअरबॉक्स उतरवलेला आठवत होता. जुनी प्लेट फेकलेली आठवत होती. नवी बसवताना फोन खांद्याला लावून पुण्यातल्या मित्राशी बोलत होतो. त्याची पगारवाढ झाली होती. ती किती, हेसुद्धा आठवत होतं. प्लेट आठवत नव्हती.

"न्हाई आठवत."

"मग उघड. रातीत हुतंय." आणि फोन ठेवण्याआधी म्हणाले, "सरांस्नी सांग."

संध्याकाळी सातला गिअरबॉक्स खाली आला. टॉर्च मारला. प्लेट उलटी होती. फ्लायव्हीलच्या मधल्या बोल्टांच्या डोक्यांवर घासल्याची ताजी, चकचकीत खूण होती. तिथं फुगीर भाग टेकत होता, म्हणून प्लेट मोकळी होत नव्हती. प्लेट डुप्लिकेट नव्हती. तिच्यावर कुठली बाजू फ्लायव्हीलकडे, हे छापलेलं होतं.

हब तपासला, प्लेट पुसली, सुलटी बसवली. केबलचा फ्री प्ले पुन्हा ठेवला. रात्री साडेअकराला पहिला गिअर आवाज न करता पडला. पोरगा टाळ्या वाजवायला लागला, मी त्याला गप्प केलं.

शुक्रवारी पहाटे गाडी घेऊन सरांच्या दारात गेलो. काकू स्वेटर घालून ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हणालो, "सर, प्लेट डुप्लिकेट नव्हती. मी उलटी बसवली होती."

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. शाळेत उत्तर चुकलं की ते असेच थांबायचे, कुठली पायरी चुकली ते आपण सांगेपर्यंत.

"फोनवर बोलत होतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि किल्ली घेतली. मजुरी मी घेतली नाही. प्लेटचे पैसे त्यांनी मोजून दिले. परतताना दुकान उघडेपर्यंत बाहेर थांबलो. दुकानदाराला सांगणं जास्त जड गेलं.

एकादशीनंतर अण्णा परतले. कपाळाला बुक्का, पायाला फोड. चुरमुऱ्यांची पुडी हातात देऊन विचारलं, "सरांची गाडी?"

"चालतीया."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

त्यांनी चप्पल काढली आणि आंघोळीला गेले.

आता प्लेट बसवताना फोन पोराच्या हातात असतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळण्याआधी तो प्लेटचा फोटो काढतो. माझ्या गॅलरीत असे बरेच फोटो जमलेत. दिसायला सगळे सारखेच. प्रत्येकात मी आधी फुगीर बाजू बघतो.