नरक्याचे दुसरे नाव

वनौषधींवरील मराठी लेखन वाचताना एक विशेषण आम्हांस हमखास भेटते : 'बहुगुणी'. झाडाचे सारे मोल त्याच्या गुणांच्या यादीत सामावते, असे हे विशेषण गृहीत धरते. कोल्हापूरच्या पश्चिमेस, राधानगरी-आंबा परिसरातील जंगलांत वाढणाऱ्या नरक्या या लहानशा वृक्षाने आम्हांस या गृहीतकाचा फेरविचार करावयास लावले.

त्याच्या फुलांना दुर्गंधी येते. म्हणून तो नरक्या किंवा घाणेरा. वनस्पतिशास्त्रानेही त्यास एकेकाळी 'मॅपिया फिटिडा', म्हणजे दुर्गंधी मॅपिया, म्हटले. लॅटिन आणि मराठी यांचे इतके एकमत विरळाच! आणि तरीही मराठीत त्याचे आणखी एक नाव आहे : अमृता.

१९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात आढळले. मूळ द्रव्य इतके विषारी, की रुग्णांवरील चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्यात रासायनिक बदल करून सिद्ध केलेली टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. नरक्याचा घरगुती काढा मात्र अमृत नव्हे, विषच.

ही औषधे अनेकांच्या आयुष्याला आधार झाली. तो शोध लागावयास नको होता, असे कोण म्हणेल? परंतु हे द्रव्य मुळांत, सालीत, खोडात असते. पाने खुडून भागत नाही, झाडच जाते. सह्याद्रीतील नरक्याच्या चोरट्या तोडीच्या आणि पकडलेल्या लाकडाच्या बातम्या वारंवार आल्या, त्या यामुळेच. दुर्गंधीने जे नाव दिले त्याने झाडाचे काही बिघडले नव्हते. गुण कळला आणि कुऱ्हाड आली.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : गुणांची यादी देणाऱ्याने त्याच ओळीत हेही लिहावे, की तो गुण झाडाच्या कोणत्या भागात आहे आणि तो घेतल्यावर झाड उरते की नाही. फळ वेचून घ्यावयाचा हिरडा आणि मुळासकट जाणारा नरक्या यांस एकच 'बहुगुणी' लावणे ही केवळ भाषेची ढिलाई नव्हे. या ढिलाईची किंमत जंगल मोजते.