भिजवणाचं वेळापत्रक

रक्ताच्या तपासणीत एचबीएवनसी 6.2 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, तिथे मी उभी. आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिला. सकाळी ओट्स, दुपारी किन्वा, रात्री सूप. तक्त्यात खोट काहीच नव्हती, फक्त तो एकट्या राहणाऱ्या बाईचा होता. ठाण्याच्या आमच्या घरात चार माणसं जेवतात. सासूबाईंचं वय पंचाहत्तरीपुढे, त्यांचं वजन आणखी उतरून चालणार नाही. मुलगा फुटबॉल खेळून आला की बूट काढायच्या आधी पातेल्यांची झाकणं उचलतो. आणि भाजीवर तर्री नसेल तर नवऱ्याला ती आजाऱ्याची भाजी वाटते.

दोन स्वयंपाक करायचे तर नोकरी सोडावी लागली असती. म्हणून स्वयंपाक एकच ठेवला, बदललं ते वाढप. माझ्या ताटात एक भाकरी, दोन वाट्या उसळ, भरपूर कोशिंबीर आणि भात नावाला. मुलाला तीच उसळ, पण सोबत तीन पोळ्या आणि भातावर तूप. वाढत्या पोराला कुणी डाएट लावू नये. सासूबाईंची उसळ जरा जास्त शिजवून घोटलेली.

एकदा उसळीवर घर चालवायचं ठरलं, की आठवड्याचं नियोजन म्हणजे काय भिजवायचं आणि कधी, एवढंच उरतं. फ्रिजवरच्या कागदावर मी पदार्थ लिहीतच नाही, भिजवण लिहिते. सोमवारी मटकी हवी तर शनिवारी रात्री भिजत घालायची, रविवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची. मे महिन्यात संध्याकाळीच मोड फडक्याबाहेर डोकावतात. जानेवारीत पुरचुंडी उबेला ठेवून दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागते. राजमा भिजवायला विसरलं तर बेत बदलायचा, दुसरा इलाज नाही. अशा दिवशी मसूर धावून येतो, कारण त्याला भिजवण्याचे लाड लागत नाहीत.

भाजी शनिवारी जांभळी नाक्यावरून. मेथी, चाकवत, शेपू घ्यायचा तो दोन दिवसांपुरताच, नंतर तो मान टाकतो. गवार, कोबी, दुधी आठवड्याच्या शेवटासाठी. ज्वारीच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे: मालदांडीच घेते आणि चक्कीवर थोडी थोडीच दळते. पीठ जुनं झालं की विरी जाते, मग भाकरी थापताना कडेने फाटते आणि घरातले सगळे पोळीची आठवण काढतात. ताज्या पिठाची भाकरी फुगली की तक्रार ऐकू येत नाही.

खरी परीक्षा एकादशीची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, वर तूप. मी भीतभीतच विचारलं, "आई, या वेळी भगर आणि दाण्याची आमटी करूया का?"

"कर की," त्या म्हणाल्या. "आमच्या माहेरी तेच होतं. खिचडी तुम्हा लोकांनाच लागते, एकादशी अन् दुप्पट खाशी!"

भगरीतही पिष्ट असतंच, त्यामुळे मी वाटीने मोजून घेते. पण आमटीतल्या दाण्यांमुळे पोट लवकर भरतं आणि थोडी प्रथिनंही मिळतात.

पाकिटातल्या मालाकडे मी आता उलट्या बाजूने बघते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची, असा नियमच आहे. 'मल्टिग्रेन' लिहिलेल्या बिस्किटांवर पहिलं नाव मैद्याचं आणि धान्यं पार शेवटी दिसली, की पुडा परत फडताळावर. फरसाण मी बंद केलेलं नाही. बंद केलं असतं तर नवऱ्याने ऑफिसच्या बॅगेतून आणलं असतं. किलोऐवजी पाव किलो आणतो, आणि ते संपलं की पुढच्या शनिवारपर्यंत डबा रिकामा. घरात असलेलं खाल्लं जातंच, त्यामुळे मनाचा निग्रह वगैरे गोष्टी मी दुकानातच उरकून घेते.

सगळ्यात जास्त फरक पडला तो तेलाने, आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही. वाण्याकडून महिन्याला पाच लिटरचा कॅन यायचा. चार माणसं, तीस दिवस: माणशी रोज चाळीस मिलीलिटरच्या वर, म्हणजे आठ चमचे, साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. आता तीन लिटर येतं, म्हणजे माणशी पाच चमचे. फोडणी तेलाच्या बरणीतून थेट न ओतता चमच्याने घालते, आणि तर्रीची भाजी रविवारी. महिन्याची यादी वाण्याकडे देण्याआधी हा भागाकार तुमच्या घरापुरता एकदा करून बघा. किन्वाचं नंतर बघू.